घरात कोणी शिरल्याचा संशय येतो तेव्हा



देवळाली कॅम्प ही ब्रिटिश अमदानीत वसलेली लष्करी छावणी. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि हवापालटासाठी येणाऱ्यांची आरोग्यधामे यांमुळे तिचे नाव सर्वदूर झाले. प्रशस्त आवारे, जुने बंगले आणि दोन घरांतील मोकळे अंतर हे येथील वैभव. रात्री मात्र हेच अंतर अडचणीचे ठरते. हाक मारली तरी ती शेजारी पोहोचेलच असे नाही. दारणाकाठच्या मळ्यांतील वस्त्यांचीही हीच स्थिती आहे.

मध्यरात्री मागील दारी खुडबूड ऐकू आली, की घरातील कर्ता पुरुष काठी घेऊन अंधारात निघतो. या धैर्याचे कौतुक होते, पण ते शहाणपणाचे नव्हे. आत शिरलेला एकटा आहे की तिघे, त्याच्या हाती काय आहे, हे घरमालकास ठाऊक नसते. कोंडीत सापडलेला चोर निसटण्यासाठीच वार करतो. म्हणून त्याची पळवाट अडवू नये. सर्वांनी एका खोलीत जमावे, आतून कडी लावावी आणि 112 क्रमांकावर दूरध्वनी करावा. ‘कॅम्पातील बंगला’ एवढा पत्ता पुरत नाही. रस्ता, जवळची खूण आणि घरातील माणसांची संख्या सांगावी. मग दाराआडूनच घरच्यांची नावे घेऊन मोठ्याने हाका माराव्यात. कित्येकदा उत्तर येते ते रात्रपाळीहून लवकर परतलेल्या मुलाचे! बाहेरगावाहून परतताना कुलूप तुटलेले दिसल्यास आत पाऊलही टाकू नये; पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये, कारण हातांचे ठसे पुसले जातात.

या भागात आवारात आलेला पाहुणा चतुष्पादही असू शकतो. उसाच्या आश्रयाने राहणारे बिबटे येथील वस्तीत अनेकदा आले आहेत. अशा वेळी दार उघडून विजेरीने शोध घेणे धोक्याचे. दार बंद ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

आता कायद्याविषयी. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीविरुद्ध मालमत्तेच्या संरक्षणाचा हक्क प्राणघातक प्रतिकारापर्यंत पोहोचतो. एवढेच वाक्य गावोगाव सांगितले जाते. कलम 37 ची मर्यादा कोणी सांगत नाही : पोलिसांचे साहाय्य मिळविण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही.

खरा अनर्थ होतो तो संशय घराबाहेर पडून जमावाच्या हाती गेल्यावर. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांना कोंडून मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, हे पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानी घ्यावे. पुढे 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक असेच बळी पडले. त्या पंचक्रोशीत तेव्हा चोर फिरत असल्याची अफवा होती.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार सामान्य नागरिकास एखाद्याला पकडता येते, परंतु डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा ती व्यक्ती घोषित अपराधी असेल तरच. केवळ परका चेहरा वा अनोळखी वेष पुरेसा नाही. पकडलेल्यास विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. तोवर त्याला उजेडात बसवावे, पाणी द्यावे, पोलीस पाटलांना बोलवावे आणि सरपंचांनी गर्दीला कार्यालयाच्या दाराबाहेर थोपवून धरावे.