घर एका फायलीत, बस दुसऱ्या फायलीत



आज पदवी ग्रहण करणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. हा विधी मी त्वरेने उरकतो आहे, कारण दीक्षान्त समारंभात पाहुण्याने केलेले अभिनंदन कोणाच्याही स्मरणात राहत नाही, आणि शाबासकी देण्याचा खरा अधिकार ज्यांचा, ती माणसे मागच्या रांगांत बसली आहेत. मला उपदेशासाठी बोलावले आहे. परंतु ज्याने उभी हयात नगररचना खात्यात नकाशे, हरकती आणि शेरे यांच्या सहवासात घालवली, त्याच्यापाशी उपदेशापेक्षा तक्रारींचाच साठा अधिक असणार, हे निमंत्रण देणाऱ्यांनी ओळखायला हवे होते.

मी नोकरीत रुजू झालो तेव्हा आमच्या दप्तरात एक लांबलचक खोली होती, तिच्यात अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास कोंडलेला असे, आणि त्या वासात बसून एक वयोवृद्ध आरेखक विकास योजनेच्या नकाशांत कुंचल्याने रंग भरीत. निवासी विभागाला पिवळा, उद्योगाला जांभळा, शेतीला हिरवा. ते मला म्हणाले होते, "पिवळा पातळ लाव. पुढे दाट करायला लोक आहेतच." त्या वाक्यातील उपरोध मला उमगायला काही वर्षे जावी लागली. हिरव्याचे पिवळे कसे होते, शाळेच्या मैदानाचे आरक्षण कसे उठते, आणि वीस वर्षांसाठी आखलेली योजना कलम ३७ खालील 'किरकोळ' फेरबदलांनी पोखरली जाऊन अखेरीस तिची निव्वळ चौकट कशी उरते, हे मी एका गावात, ज्याचे नाव घेणे उचित नाही, प्रत्यक्ष पाहिले. आमचा पेशा रंग भरणाऱ्यांचा आहे अशी समजूत लोकांत आहे. दुःखाची गोष्ट ही की, ती आमच्यापैकी अनेकांनी निमूटपणे मान्य केली.

वास्तविक ही विद्या या राज्यात मोठ्या माणसांच्या हातून रुजली. धनंजयराव गाडगीळांनी आपल्या सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आणि त्याच सुमारास मुंबई-पनवेल व पुणे या प्रदेशांच्या नियोजनासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम त्याच विचारमंथनाच्या काळात आला. तो उघडून पाहा: प्रास्ताविकानंतरचे पहिलेच प्रकरण प्रादेशिक योजनेचे आहे, शहराच्या विकास योजनेचे त्याच्या मागून येते. आधी प्रदेश, मग शहर, हा क्रम कायद्याने घालून दिला होता. व्यवहारात आम्ही तो उलटा केला, आणि पुष्कळदा प्रदेशाचा कागद कपाटातच राहू दिला.

सोलापूरला हा क्रम कोणी शिकवला नव्हता, तरी तो एके काळी आपोआप पाळला गेला. १८६० साली येथे रेल्वे आली, कापसाची आणि सुताची ने-आण सुलभ झाली, पुढच्या दीड दशकात 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या झाल्या, आणि गिरण्यांच्या चाळी झाल्या. भोंगा वाजला की माणूस घरातून निघे आणि पायी चालत खात्यात पोचे. साखर पेठेत आणि पूर्व भागात तर घर आणि धंदा यांत भिंतही नव्हती: माडीवर मालकाचे बिऱ्हाड, खाली माग, आणि मागापलीकडच्या खोलीत विणकराचा संसार, एकाच दारातून सर्वांची ये-जा. त्या चाळींचे आणि अंधाऱ्या खोल्यांचे गुणगान मला करायचे नाही. तेथे क्षयाने माणसे खंगली आणि एका नळावर पन्नास घरे भांडली. पण धनिक, कारकून आणि कामगार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत, आणि कामावर जाण्यासाठी मजुरीतला हिस्सा मोडावा लागत नसे, एवढे मात्र खरे.

पुढे एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. त्यातच १९९२ साल उजाडले आणि आपली प्रसिद्ध हद्दवाढ झाली. तेहतीस चौरस किलोमीटरांचे शहर कलमाच्या एका फटकाऱ्यासरशी १७८ चौरस किलोमीटरांचे झाले. त्याच वर्षी तिकडे नवी मुंबईत वाशीला रेल्वे पोचली. ते शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे नव्या शहरातल्या माणसाला रुळासाठी बावीस वर्षे थांबावे लागले, आणि त्या रुळाच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला तेव्हा कुठे तो पडला. मी त्या दिरंगाईला नावे ठेवणाऱ्यांतला होतो. परंतु हद्दवाढ भागात फिरताना माझे मत पालटले: नवी मुंबईत उशिरा का होईना, घराचा आणि गाडीचा विचार एकाच माणसाने केला; येथे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकाच्या कागदावर विकले गेले, रस्ते नंतर, गटारे त्यानंतर, बस सर्वांच्या शेवटी, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने जे घडले त्यालाच रीतसर म्हणण्याची सोय करून दिली.

आता कुंभारीविषयी बोलतो. अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरांवर, प्रथम विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, जिची घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. आणि नंतर रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. विडी वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांना स्वतःच्या मालकीचे पक्के घर मिळावे यासाठी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी वर्षानुवर्षे जो लढा दिला, त्याला देशात तोड थोडी सापडेल. त्या घरांना नावे ठेवणारा मी कोण?

पण निवृत्तीनंतर एका दुपारी मी तिकडे गेलो होतो. एक बाई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवीत होत्या, आणि बोलताना कात्री थांबत नव्हती. म्हणाल्या, "घर ब्येस हाय की ओ सायेब. पावसाची भीती ग्येली. पर मालक पूर्व भागात मागावर. रातपाळी सुटली की बस न्हाई. म्हनून तिथंच झोपतेत, मागापाशी." शेजारी त्यांची मुलगी उभी होती, तिच्या कॉलेजच्या प्रवेशाआधी घरात शेअर रिक्षाच्या महिन्याच्या भाड्याची बेरीज मांडली गेली होती. घर मिळाले आणि घरधनी पुन्हा मागाशेजारी निजला, हे ऐकून मी पुढे काही विचारले नाही.

दोष बांधकामाचा नव्हे. घराची फाइल एका खात्यात, बसची दुसऱ्या खात्यात आणि रुळाची थेट तिसऱ्याच शहरात, अशी ही वाटणी आहे, आणि तिन्ही फायली एका टेबलावर आलेल्या मी नोकरीत कधी पाहिल्या नाहीत. शिवाय एकाच प्रकारच्या मिळकतीची हजारो कुटुंबे एकत्र वसवली की तिथे बस आणण्यासाठी मंत्रालयात फोन करणारा एकही डॉक्टर, वकील वा बँक अधिकारी राहत नाही. मिश्र वस्तीचा आग्रह मी धरतो तो या रोकड्या कारणासाठी. बंधुभाव वाढतो की नाही ते समाजशास्त्रज्ञांनी सांगावे.

आमच्या नियमांत यावर तोडगा नाही असे नाही. चार हजार चौरस मीटरांहून मोठ्या ले-आउटमध्ये वीस टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा, हा नियम शासनाने २०१३ साली केला. पण दहा लाख वस्तीच्या शहरांसाठी! २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांवर थांबले होते. पन्नास हजार माणसे कमी पडली म्हणून शहराच्या गरिबाचा वाटा बुडाला. आणि जिथे नियम लागू झाला तिथेही लहान घरे मागच्या कोपऱ्यात, वेगळ्या फाटकाची, अशी मी पाहिली आहेत. उलट, ज्या १९३० साली आपल्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कार्ल मार्क्स हॉफ नावाची तेराशेहून अधिक घरांची वसाहत खुली केली, ती हायलिगेनश्टाट रेल्वे स्थानकाच्या अगदी समोर. त्या नगरीत पालिकेच्या घरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आजही इतकी वर ठेवली आहे की शिक्षक आणि मजूर एका जिन्याने चढतात.

स्थानके आपल्याकडेही आहेत. पाकणी, बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी: एका रेषेत, रूळ दुहेरी झालेला, विजेच्या तारा ओढलेल्या. सकाळ-संध्याकाळ या पाच स्थानकांमध्ये चार डब्यांची गाडी धावावी आणि प्रत्येक स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या परिघात लहान, मध्यम व मोठी घरे एकाच गल्लीत यावीत, एवढीच माझी मागणी आहे. ती मी ज्यांच्यापुढे मांडली त्या सर्वांनी ती उत्तम आहे असे सांगून चहा मागवला.

२०२७ च्या जनगणनेत सोलापूर दहा लाखांची रेषा ओलांडेल असा माझा कयास आहे. आकडे जाहीर होण्याआधी जुन्या नियमाखाली ले-आउट पदरात पाडून घेण्यासाठी झुंबड उडेल, आणि त्या दरखास्ती तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येतील. त्यांत बाळे किंवा टिकेकरवाडीचा गट क्रमांक दिसला, तर सातबारा व मोजणीचा नकाशा मागवताना त्या जमिनीपासून फलाटापर्यंतचे अंतर स्वतः चालून मोजा, आणि तो आकडा शेऱ्यात, तुमच्या सहीच्या वर, लिहा.