कंपनीचा वकील कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या परभणी, पूर्णा, जिंतूरची मुलं-मुली आता कायदा शिकून पुण्या-मुंबईला कंपन्यांच्या विधी विभागात लागत आहेत. घरचे विचारतात, ‘कोर्टात जात नाहीस, मग तू वकील कसला?’ प्रश्न बरोबरच आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही.

हे क्षेत्र आपल्याला परकं नाही. बाबासाहेबांनी 1923 साली मुंबईत वकिली सुरू केली. जेधे-जवळकरांचा खटला आपण सांगतो, पण 1925 ते 1928 या काळात ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, हे कोणी फारसं सांगत नाही.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या वकिलाचा अशील कोण? मालक नव्हे, संचालक नव्हे, कंपनी. कायद्याने ती वेगळी व्यक्ती आहे. संचालकाने हिशेब दडवायला सांगितला, तर ‘हे कंपनीच्या हिताचं नाही’ असं त्याच्या तोंडावर सांगणं हे वकिलाचं काम. नोकरी जाण्याची भीती असते, खरं आहे. आणि तुम्ही कामगार असाल व तोच वकील जबाबावर सही मागत असेल, तर आधी विचारा, ‘साहेब, तुम्ही कोणातर्फे?’ तो तुमचा वकील नसतो.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. जून 2025 मध्ये अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना, एका विमा कंपनीच्या शेअर्सबाबतच्या कायदेशीर सल्ल्यावरून ईडीने समन्स काढले. वकीलवर्ग खवळला, समन्स मागे घेतले गेले. पुढे 31 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. अशिलाने वकिलाला सांगितलेलं काढून घेण्यासाठी पोलिसांनी वकिलाला बोलावू नये. अपवाद लागू असेल तरच, तेही वरिष्ठांच्या लेखी मंजुरीने. बेकायदा कामासाठी घेतलेल्या सल्ल्याला मात्र हे संरक्षण नाही.

त्याच निकालात पगारी विधी अधिकाऱ्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण नाकारलं आहे. आपली पोरं बहुतेक याच खुर्चीवर बसणार! तेव्हा नाजूक प्रकरण आलं की बाहेरच्या, सनद चालू असलेल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यायला साहेबांना सांगा, आणि तसं सांगितल्याची नोंद आपल्या फाईलला ठेवा.