सफरचंदाची करंजी आणि शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई, मोठे व्याख्यान मला यायचे नाही. पण पोळपाट-लाटणे हा तुमचा-माझा रोजचाच विषय, तेव्हा मी एका करंजीबद्दल बोलणार आहे. ही करंजी मात्र फ्रान्स देशातली आहे. माझी पुतणी पुण्याला बेकरीचे काम शिकते. तिने ती करून आम्हांला खाऊ घातली आणि तिची हकीकतही सांगितली.

तिकडे तिला 'शोसाँ ओ पोम' म्हणतात. पोम म्हणजे सफरचंद आणि शोसाँ म्हणजे घरात घालायची मऊ सपाता. खाण्याच्या जिनसाला पायताणाचे नाव, म्हणून हसू नका. आपली करंजीही करंजाच्या शेंगेसारखी दिसते, म्हणून तिचे ते नाव पडले असे म्हणतात. जे डोळ्यांसमोर असते त्याचेच नाव माणूस देतो.

आता कृती ऐका. आपण साट्याच्या करंज्या करतो, तशीच तिची पारी पदरांची असते. आपण तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा करतो, पोळ्यांना लावून त्या एकावर एक ठेवतो, गुंडाळी करून लाट्या कापतो. ते लोक पिठात लोण्याचा थर ठेवून तिहेरी घडी घालतात, लाटतात, गार करतात आणि पुन्हा घडी घालतात. असे सहा वेळा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस असे मोजत गेले तर लोण्याचे ७२९ थर होतात! उष्णता लागली की पिठातल्या पाण्याची वाफ होते. मध्ये स्निग्ध असल्यामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, वाफ त्यांना उचलून धरते. आपल्या साट्याच्या करंजीचे पदर सुटतात तेही याच कारणाने. म्हणूनच ती मंद आचेवर तळायची, घाई करायची नाही.

फरक आहे तो सारणात. सफरचंदाचे सारण ओले. ते कढईत सोडले तर करंजी फुटायची आणि तूप अंगावर उडायचे. म्हणून ते भट्टीत भाजतात, आणि वाफ निघून जावी म्हणून वरून सुरीने बारीक चिरा देतात. पण ती खावी त्याच दिवशी. आपले खोबऱ्याचे सारण कोरडे, म्हणून दिवाळीची करंजी पंधरा दिवस डब्यात टिकते. ओल्या नारळाची मात्र दोन दिवसांत संपवावी लागते, हे तुम्हांला सांगायला नको. घरी सफरचंदाची करायची असेल तर फोडी थोड्या गुळात शिजवून पाणी पार आटवावे, लिंबू पिळावे, दालचिनीची पूड घालावी, आणि सारण अगदी गार झाल्यावरच भरावे. गूळ तर आपल्या दौंड भागातल्या गुऱ्हाळांचा आहेच.

सारण भरून कडा दाबायची ही युक्ती कोणा एका देशाची नाही. गोव्यात तीच नेवरी, उत्तरेत होळीची गुजिया, कर्नाटकात करजीकाई. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा प्रवासी दिल्लीला आला होता. खिमा आणि बदाम-पिस्ते भरून तुपात तळलेला समोसा सुलतानाच्या पंगतीत वाढत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. फ्रान्समध्ये सें-काले नावाचे एक लहान गाव आहे. तिथले लोक अशी कथा सांगतात की, १५८० च्या सुमारास गावात मोठी साथ आली, माणसे मेली, घरांत दाणा उरला नाही. तेव्हा गढीतल्या बाईने गोरगरिबांना पीठ आणि सफरचंदे वाटली. त्यांतून ही करंजी झाली. तिची आठवण म्हणून त्या गावात आजही दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीस सफरचंदाच्या करंजीचा उत्सव भरतो.

हे ऐकले आणि मला आपलेच गाव आठवले. तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तेव्हा आपण पिठले-भाकरी करतो. वारकऱ्याला त्याची जात किंवा गाव कोणी विचारत नाही. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. त्या दोन वर्षी पाहुण्यांवाचून आपल्या चुली कशा सुन्या वाटल्या, हे तुम्ही विसरला नसाल. पुण्यात १८९७ साली प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. संकटात बाईने आपल्या हाताने दुसऱ्यासाठी काहीतरी करावे, ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे.

आणि त्या रीतीत करंजीलाही मान आहे. ज्या घरात माणूस गेलेले असते, तिथे वर्षाच्या सणाला तळण करीत नाहीत. त्या घरी फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा. माझे सासरे गेले त्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढली नाही, पण लक्ष्मीपूजनापर्यंत सात घरांची ताटे आली. सासूबाई कोणाशी फारशा बोलत नव्हत्या. पण प्रत्येक ताटातली करंजी उचलून, ही मुरड कोणाच्या हातची, हे त्या बरोबर ओळखत होत्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

आता फराळ विकत मिळतो. नोकरी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांना त्याची सोय आहे, त्यात वावगे काही नाही. पण डबा विकत आणला की शेजारी जायचे राहून जाते. एकमेकींच्या घरी करंज्या लाटायला बसणे कमी झाले, म्हणून कोणाच्या घरी यंदा सण नाही हेही आपल्याला कळेनासे झाले आहे. माझी काळजी तेवढीच आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. दिवाळीच्या आठ दिवस आधी आपण आपापल्या आळीतल्या अशा घरांची यादी करावी. एक दिवस मंडळात जमून करंज्या कराव्यात आणि दोघी-दोघींनी ताट घेऊन त्या घरी जावे. नुसते ताट ठेवून परतू नये, घटकाभर बसावे. गौरीला निरोप देताना आपण मुरडीचा कानवला करतो, तो ती मुरडून पुन्हा यावी म्हणून. दुःखातल्या घराकडेही आपण असेच पुन्हा पुन्हा वळावे.

कोणी हौसेने सफरचंदाची केली तर मला चाखायला जरूर बोलवा.