संशोधक विद्यार्थ्याच्या पाठीशी विद्यापीठ

एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.चा विद्यार्थी विद्यापीठात दोन वर्षे असतो. त्याच्याभोवती वर्ग असतो, वेळापत्रक असते, सत्र संपले की परीक्षा असते. अडले तर शेजारच्या बाकावरच्याला विचारता येते. पीएच.डी.चा विद्यार्थी याच आवारात राहतो, त्याच ग्रंथालयात बसतो. पण पहिल्या काही महिन्यांचा कोर्सवर्क संपला की त्याचा वर्ग सुटतो तो कायमचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात; महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. वयाच्या पंचविशीपासून तिशीच्या पुढेपर्यंतचा हा काळ. घरून पैसे मागायची लाज वाटण्याचे हेच वय, आणि लग्नाची, आईवडिलांच्या आजारपणाची, धाकट्यांच्या शिक्षणाची जबाबदारी अंगावर येण्याचेही हेच.

या सगळ्या काळात त्याचे शैक्षणिक भवितव्य प्रामुख्याने एका माणसाच्या हाती असते, ते म्हणजे त्याच्या गाईडच्या. प्रगती अहवाल, फेलोशिपचे कागद, परिषदेला जाण्याची परवानगी आणि शेवटी प्रबंध अशा प्रत्येक टप्प्यावर गाईडची सही लागते. चांगला गाईड लाभला तर ही वर्षे आयुष्यातली सर्वात श्रीमंत वर्षे ठरतात. तसा तो लाभला नाही, तर विद्यार्थ्याने जायचे कुठे, याचे उत्तर विद्यापीठाच्या साहाय्यसेवांनी द्यायचे असते. म्हणून वसतिगृहापासून समुपदेशकापर्यंतच्या प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारायला हवा: ही सोय विद्यार्थ्याला स्वतःच्या अधिकाराने मिळते, की त्यासाठी कुणाची तरी मर्जी राखावी लागते?

सुरुवात निवाऱ्यापासून होते. गावाकडून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा दिल्याखेरीज उच्च शिक्षणाचे दार उघडत नाही, हे महाराष्ट्राने फार आधी ओळखले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने 1901 साली मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. महात्मा गांधींनी 1927 मध्ये त्याला भेट दिली. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा या वसतिगृहातली श्रम करून शिकण्याची रीत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तीही याच वाटेवर. आज राज्यातील विद्यापीठांत जी ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते, तिची मुळे या परंपरेत आहेत. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करतो आणि तासावर मोबदला घेतो. या योजनेची थोरवी अशी की ती विद्यार्थ्याला याचक करत नाही. तिचा मोबदला मात्र शहरातल्या मेसच्या दरांशी मेळ ठेवून वाढत नाही, आणि हे दुखणे जुने आहे.

वसतिगृहात जागा मर्यादित, अर्ज अधिक. जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात: भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. निवासाचे 20,000 म्हणजे महिन्याला सतराशेही पडत नाहीत. पुण्यात या रकमेत कॉट बेसिसवरची जागासुद्धा अवघड. तरीही ही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, आणि ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याच्यासाठी ती शिक्षण चालू राहणे आणि सुटणे यांतला फरक असते.

संशोधकाचा खरा आधार फेलोशिप. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळवणाऱ्याला जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ फेलो झाल्यावर 42,000 रुपये मिळतात. शिवाय घरभाडे भत्ता आणि पुस्तके, प्रवास, साहित्य यांसाठी वार्षिक आकस्मिक निधी. केंद्रीय विद्यापीठांतल्या नेटबाह्य संशोधकाला मात्र दरमहा 8,000 रुपयांवर भागवावे लागते, आणि राज्य विद्यापीठांतल्या अनेकांना तेवढेही नाही. एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसून सारखेच काम करणाऱ्या दोघांच्या उत्पन्नात एवढी दरी असणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

महाराष्ट्रात ही दरी काही अंशी राज्याच्या संस्थांनी भरली आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठी नागपूरची महाज्योती या संस्था पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. घरातली पहिली पदवीधर असलेली मुलगी या आधारावर पाच वर्षे संशोधन करू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न रकमेपेक्षा वेळेचा आहे. जाहिरात उशिरा येते, निवड लांबते, मंजुरी मिळाली तरी हप्ता थकतो. बार्टीच्या 2021 च्या तुकडीतील संशोधकांना फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले. सहा महिन्यांनी एकरकमी आलेली फेलोशिप हिशेबात पूर्ण दिसते; पण मधल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्याने उसनवारी केलेली असते, क्षेत्रकार्य पुढे ढकललेले असते, कधी शिकवणीची नोकरी धरलेली असते. शिवाय दरमहा विद्यापीठाने संशोधक हजर असल्याची पुष्टी केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि ती पुष्टी विभागाच्या टेबलावर अडकून राहू शकते. या एका कामासाठी विद्यापीठाने नावानिशी जबाबदार कर्मचारी नेमला आणि ठरावीक तारीख पाळली, तर नवा पैसा न लागता शेकडो विद्यार्थ्यांचे हाल थांबतील.

ग्रंथालय ही आवारातली सर्वात जुनी आणि सर्वात निःपक्षपाती सेवा. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये सुरू झाले. त्याच्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव आहे. तिथे खुर्ची मिळवायला कुणाची शिफारस लागत नाही. मोठा बदल अलीकडचा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले गेले आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी विद्यापीठांना व संस्थांना खुली झाली. गोंडवाना विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला आता तोच लेख वाचता येतो जो पवईच्या आयआयटीत वाचला जातो. मात्र योजना केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती आहे. महाराष्ट्रात पीएच.डी.चे पुष्कळ विद्यार्थी खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांवर नोंदलेले असतात. त्यांच्यासाठी आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही ई-नियतकालिकांची सेवा आहे, पण महाविद्यालयाने तिची वर्गणी भरलेली असेल तरच. नोंदणी विद्यापीठाची आहे, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे लॉगिनही अशा प्रत्येक संशोधकाला मागावे न लागता मिळायला हवे.

भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासकाचे साहित्य या तेरा हजार नियतकालिकांत बहुतेक सापडतच नाही. ते असते पुण्याच्या पेशवे दप्तरात, 1910 मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात, 1917 च्या भांडारकर संस्थेत, गोखले संस्थेच्या ग्रंथालयात, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. अशा ठिकाणी बहुधा विभागाचे पत्र घेऊन जावे लागते. मोडी वाचता येत नसेल तर दप्तरापर्यंत पोहोचूनही हात रिकामे राहतात. मोडीचा वर्ग, जुन्या कागदांचे छायाचित्रण करण्याची रीत, संग्रहालयाला लिहायच्या पत्राचा नमुना या साध्या गोष्टी कोर्सवर्कमध्ये शिकवल्या तर मानव्यविद्येच्या संशोधनाचे एक वर्ष वाचते. कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचा असतो. त्यात जागा आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी 2016 पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. प्रवेश मिळतो, स्क्रीन रीडर बसवलेला संगणक आणि उताराची वाट मात्र प्रत्येक इमारतीत अजून नाही.

लेखनाला मदत हा आपल्या विद्यापीठांतला सर्वात दुबळा कोपरा म्हणावा लागेल. मराठी माध्यमातून एम.एस्सी.पर्यंत आलेला विद्यार्थी प्रयोग उत्तम करतो आणि इंग्रजी प्रबंधापाशी थबकतो. मग तो जुन्या प्रबंधातली वाक्ये उचलतो. आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले जाते, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते, आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर 2019 पासून विद्यापीठांना केंद्राकडून मिळते. चोरी पकडण्याची सोय एवढी चोख असताना स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवणारे मात्र कुणी नाही, ही विसंगती दुःखदायक आहे. भाषा विभागातल्या दोन-तीन अध्यापकांनी आठवड्यातून एक दुपार कोणत्याही शाखेच्या संशोधकाचे पान घेऊन बसायचे ठरवले, तरी हा कोपरा उजळेल.

गाईड आणि विद्यार्थी यांच्यात तिसरा डोळा असावा म्हणून संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्राला विद्यार्थ्याने तिच्यापुढे प्रगती मांडायची आणि समितीने विद्यापीठाला अहवाल द्यायचा. काम समाधानकारक नसेल तर कारणे नोंदवून सुधारणा सुचवणे समितीवर बंधनकारक आहे. एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असावेत, हा नियमही विद्यार्थ्याला गाईडचा वेळ मिळावा म्हणूनच. समितीची बैठक कागदावर उरकली की विद्यार्थ्याचा सर्वात जवळचा आधार हरपतो. म्हणून प्रत्येक बैठकीत दहा मिनिटे गाईडच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्याशी बोलण्याची प्रथा पाडायला हवी.

तक्रारीची वेळ आली, तर आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था केली आहे. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तिचा निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे जाता येते, आणि त्याने तीस दिवसांत प्रकरण निकाली काढायचे. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्यान्वये आणि 2015 च्या विनियमांन्वये अंतर्गत समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, नव्वद दिवसांत चौकशी पुरी व्हायची. तिच्यावर कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असे पदाधिकारी बसू शकत नाहीत. विद्यार्थ्याशी संबंधित प्रकरणात मात्र विद्यार्थी प्रतिनिधी बसतात. या विनियमांतली एक तरतूद प्रत्येक संशोधिकेला नोंदणीच्या दिवशीच माहीत व्हायला हवी: चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून विद्यापीठ रोखू शकते. ‘प्रबंध अडवतील’ या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलींसाठीच ती लिहिलेली आहे.

मनाच्या दुखण्याविषयी विद्यापीठे फार उशिरा बोलू लागली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायला हवा. हजारो विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाने एकावर थांबू नये, हे उघड आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही 14416 या क्रमांकावरची विनामूल्य सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विभागाला वा गाईडला न कळवता मदत घेता येते, हे समुपदेशन केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले जावे. प्रयोग वर्षभर फसत राहणे, गावाकडे “अजून किती वर्षं?” हा प्रश्न ऐकणे, बरोबरीचे नोकरीला लागलेले पाहणे, याने खचणे हा दुबळेपणा नव्हे.

बाळंतपण आणि बालसंगोपन यांसाठी संशोधिकेला संपूर्ण कालावधीत एकदा 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे वा अन्य कारणाने गाव बदलावे लागले तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात हलवण्याची सोयही नियमात आहे. आवारात पाळणाघर नसेल, तर रजेनंतरच्या पहिल्याच महिन्यात या सवलतींचा अर्थ उणावतो.

शेवटचा टप्पा प्रबंध सादर झाल्यानंतरचा. नियमाप्रमाणे परीक्षण आणि मौखिक परीक्षा सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. पण बहुतेकांची फेलोशिप तोवर थांबलेली असते, वसतिगृहाची खोली सोडावी लागते आणि पदवी हाती नसल्याने प्राध्यापकपदाच्या अर्जात रकाना रिकामा राहतो. या सहा महिन्यांसाठी कोणतीही योजना नाही. विद्यापीठांनी इथे तीन गोष्टी करायला हव्यात: मौखिक परीक्षा होईपर्यंत खोली ठेवू द्यावी, ग्रंथालयाचे ओळखपत्र चालू ठेवावे आणि व्हायवा झाल्याच्या आठवड्यात तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे पोहोचते आणि शोधगंगा या संग्रहात सर्वांना वाचायला खुली होते. ती प्रत पाठवणे विद्यापीठाचे काम आहे. त्यासाठी विद्यार्थ्याला खिडक्यांवर हिंडवले जाऊ नये.