उतारा उसाचा आणि तेलाचा

सोनईच्या मुळा साखर कारखान्याभोंवतालचा शेतकरी जाणतो, कीं ऊस शेतांत कितीहि उभा असला, तरी साखर किती मिळावी हें उताऱ्यावर व कारखान्याच्या गाळपशक्तीवर ठरतें. खनिज तेलाचाहि न्याय हाच. १९७४ सालीं सांपडलेल्या मुंबई हायचें तेल हलकें व अल्प गंधकाचें. त्यांतून पेट्रोल-डिझेल सुलभतेनें निघतें. जड, गंधकयुक्त तेल स्वस्त खरें; परंतु त्याच्या शुद्धीकरणास महाग यंत्रसामग्री लागते. शुद्धीकरणाची शक्ति अपुरी पडल्यास कच्चें तेल असूनहि इंधन दुर्मिळ होतें. २०२२ सालीं जागतिक बाजारांत डिझेल कच्च्या तेलाहून अधिक वेगानें महागलें, तें यामुळेंच. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलची किंमत करांखेरीज विहिरीवर ठरते, तशीच शुद्धीकरणाच्या भट्टीवरहि ठरते.