वैमानिकांचा संप आणि आपण

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला फोनवर विचारलं, "वैमानिकांच्या संपाला कशाला हवा आपला पाठिंबा? भरपूर पगार मिळतो की त्यांना!" प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात तो असणार, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी संशोधन क्षेत्रात काम करते. कामगार चळवळीची मी अभ्यासक नाही. पण प्रयोगशाळेत आम्ही जे करतो तेच मी इथे केलं. अमेरिकेतले गेल्या चाळीसेक वर्षांतले विमान व्यवसायातले संप शेजारीशेजारी मांडले आणि कुठला जिंकला, कुठला फसला आणि फरक कशाने पडला ते पाहिलं. मला दिसलं ते असं: संप करणाऱ्यांची एकजूट तर लागतेच, पण निकाल बहुतेक वेळा संपावर नसलेली माणसं लावतात. म्हणजे त्याच कंपनीतले इतर कामगार, दुसऱ्या कंपन्यांचे वैमानिक आणि प्रवासी. या तिसऱ्या गटात आपण सगळे येतो.

आधी पगाराबद्दल. मोठ्या कंपनीतल्या ज्येष्ठ कॅप्टनचा पगार चांगला असतो, हे खरंच आहे. पण फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं आणि ५० माणसं गेली. त्या अपघाताच्या सुनावणीत जे बाहेर आलं त्याने अनेकांना धक्का बसला. सहवैमानिक तरुणीचा पगार वर्षाला साधारण १६ हजार डॉलर होता. नोकरीचं ठिकाण न्यूअर्क, राहणं सिअॅटलकडे, आणि ती रात्रभर प्रवास करून कामावर आलेली. त्याच्या महिनाभर आधी हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर देशभर गाजत होते. त्यांनी त्याच फेब्रुवारीत संसदेच्या समितीपुढे सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि पेन्शन योजना बंद झाली आहे. युनायटेडने २००५ साली दिवाळखोरीच्या न्यायालयातून आपल्या पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात घातल्या. त्या काळी वैमानिकाला कायद्याने साठाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागे, आणि पासष्टच्या आधी निवृत्त होणाऱ्याला ही विमा संस्था कमी पेन्शन देई. म्हणजे कायद्याने लवकर घरी पाठवायचं आणि लवकर गेला म्हणून पैसे कापायचे.

यावर आपल्यासारखे लोक म्हणतात, "मग नोकरी बदला ना!" आपण आयटीत किंवा फार्मात हेच करतो. पगार वाढत नसेल तर बायोडेटा पाठवतो आणि दुसरीकडे वाढीव पगारावर जातो. वैमानिकाला ही वाट जवळजवळ बंद असते. त्याचा पगार, विमानाचा प्रकार, सुट्ट्या, कॅप्टनपद, सगळं कंपनीतल्या ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतं. वीस वर्षं काढलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर यादीच्या तळाला लागतो आणि पुन्हा सहवैमानिक म्हणून सुरुवात करतो. त्यामुळे कंपनी बुडाली तर तोही बुडतो, आणि कंपनीशी भांडायचं तर आत राहूनच भांडावं लागतं.

हे भांडणही हवं तेव्हा करता येत नाही. विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे. १९३६ मध्ये तो विमानांपर्यंत वाढवला गेला. या कायद्याखाली करार संपत नाही, नव्याने बोलणी होईपर्यंत जुनाच चालू राहतो. मध्यस्थ मंडळ "आता बोलणी खुंटली" असं म्हणेपर्यंत संप करता येत नाही, आणि ते कधी म्हणायचं हे मंडळाच्या हाती. मग तीस दिवस थांबायचं. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष मध्ये पडू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप पुकारला आणि काही मिनिटांतच अध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला. तेव्हा "उठसूट संप करतात" हा आरोप इथे टिकत नाही. संपापर्यंत पोचायलाच वर्षं लागतात.

आता त्या संपांकडे वळू.

३ ऑगस्ट १९८१ ला पॅटको या संघटनेचे सुमारे १३ हजार हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. ते सरकारी नोकर असल्याने त्यांना संपाची मुभा नव्हती. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११ हजारांहून अधिक लोकांना बडतर्फ केलं. जनमत रेगन यांच्या बाजूने होतं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: वैमानिक विमानं उडवत राहिले. वैमानिकांनी "या आकाशात उडणं सुरक्षित नाही" असं म्हटलं असतं तर सरकारला बोलणी करावी लागली असती, असं तेव्हाही अनेक जण म्हणत होते. वैमानिकांची मोठी संघटना आल्पा हिने तसं केलं नाही.

दोन वर्षांनी वैमानिकांवर तीच वेळ आली. ऑगस्ट १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टलचे मेकॅनिक संपावर गेले, तेव्हा वैमानिक त्यांच्या रांगेला वळसा घालून कामावर गेले. सप्टेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख फ्रँक लोरेन्झो यांनी दिवाळखोरी जाहीर केली, सगळे करार रद्द केले आणि निम्म्या पगारावर विमानं पुन्हा सुरू केली. १ ऑक्टोबरला वैमानिक संपावर गेले. तो संप दोन वर्षं चालला आणि हरला. जुने काही आत राहिले, नवे भरती झाले, विमानं उडत राहिली.

यातून वैमानिक शिकले. मे १९८५ मध्ये युनायटेडने नव्या वैमानिकांसाठी कमी दराची वेगळी पगारश्रेणी आणायचं ठरवलं. जुन्यांना याची थेट झळ नव्हती. तरीही जवळपास पाच हजार वैमानिक २९ दिवस संपावर राहिले. कंपनीने प्रशिक्षण देऊन तयार ठेवलेले ५७० नवे वैमानिक होते. त्यांना सांगितलं गेलं की विमान उडवा, नाहीतर नोकरी विसरा. बहुतेक सर्वांनी नकार दिला. फ्लाइट अटेंडंट्सच्या संघटनेनेही साथ दिली. कंपनीला दुसरी श्रेणी हवी तशी लांबवता आली नाही, आणि त्या नव्या वैमानिकांना पुढे न्यायालयातून नोकऱ्या मिळाल्या. या दोन संपांत कामावर गेलेल्यांची नावं वैमानिक विसरले नाहीत. कॉकपिटमधली जादा खुर्ची म्हणजे जंपसीट, तिच्यावर बसून वैमानिक घरी-कामावर ये-जा करतात. कोणाला बसू द्यायचं हे कॅप्टन ठरवतो. संपफोड्यांना ती खुर्ची कित्येक वर्षं नाकारली गेली.

मार्च १९८९ मध्ये ईस्टर्नचे मेकॅनिक संपावर गेले तेव्हा वैमानिक आणि फ्लाइट अटेंडंट्स या वेळी रांग ओलांडून गेले नाहीत. समोर पुन्हा लोरेन्झोच होते. पहिल्या काही दिवसांत विमानसेवा जवळजवळ ठप्प झाली. पण नोव्हेंबरमध्ये वैमानिकांनी माघार घेतली, आणि जानेवारी १९९१ मध्ये कंपनीच बंद पडली. म्हणजे पाठिंब्याने प्रत्येक वेळी विजय मिळतोच असं नाही. मालकाला कंपनी मोडायचीच असेल तर कामगार ती वाचवू शकतीलच असं नाही. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला गैरसोयीचं आहे, म्हणूनच ते इथे मांडते.

पाठिंबा दुसऱ्या दिशेनेही जातो. ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएसचे १ लाख ८५ हजार टीमस्टर कामगार संपावर गेले. मुख्य मागणी होती अर्धवेळ कामं पूर्णवेळ करण्याची. यूपीएसच्या वैमानिकांची संघटना वेगळी होती, करार वेगळा होता, तरी ते विमानात चढले नाहीत. आणि लोकांचं काय? जनमत चाचण्यांत बहुतेकांनी कामगारांची बाजू घेतली. पार्सल आणणारा ड्रायव्हर लोकांच्या ओळखीचा होता, आणि अर्धवेळ नोकरीचं दुखणं त्यांच्या घरातही होतं. पंधरा दिवसांत तोडगा निघाला आणि कंपनीने १० हजार नव्या पूर्णवेळ जागा मान्य केल्या.

२००१ मध्ये डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरचे सुमारे १,३५० वैमानिक ८९ दिवस संपावर होते. एवढे दिवस छोट्या पगाराच्या माणसाने घर चालवायचं कसं? इतर कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या पगारातून वर्गणी देऊन त्यांना संपभत्ता पुरवला. २०१० मध्ये स्पिरिटचे वैमानिक पाच दिवसांत पगारवाढ घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या रांगेत इतर कंपन्यांच्या गणवेशातले वैमानिकही उभे होते.

याच्या उलटचं चित्र मी जवळून पाहिलं. ऑगस्ट २००५ मध्ये नॉर्थवेस्टचे मेकॅनिक संपावर गेले तेव्हा मी मिनिआपोलिसला पीएचडी करत होते. विमानतळावर मेकॅनिक फलक घेऊन उभे असायचे आणि गणवेशातली मंडळी बॅगा ओढत त्यांच्या शेजारून आत जायची. मेकॅनिकांच्या या संघटनेचं इतर संघटनांशी जुनं वैर होतं, त्यामुळे कोणीच साथ दिली नाही. कंपनीने बदली मेकॅनिक आणले आणि संप चिरडला. महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. मग वैमानिकांचा पगार कापला, आणि फ्लाइट अटेंडंट्सनी संपाची तयारी केली तेव्हा न्यायालयाने त्यांना मनाई केली. आत जाणाऱ्यांची पाळी इतक्या लवकर येईल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

मुंबईच्या गिरणी संपाची आठवण इथे येणं स्वाभाविक आहे. तो सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, म्हणजे पॅटकोनंतर सहा महिन्यांच्या आत. अडीच लाख कामगारांची एकजूट कमी नव्हती. कोकणातून, घाटावरून गावाने धान्य पुरवलं म्हणून तर ते इतके महिने टिकले. पण भिवंडीचे यंत्रमाग चालू राहिले, बाजारात कापड येत राहिलं आणि मालकांना घाई उरली नाही. आणि दादर-पार्ल्यातल्या आपल्या पांढरपेशा घरांतून या संपाबद्दल काय बोललं जायचं, हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको.

सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक सामुदायिक रजेवर गेले तेव्हाही तसंच झालं. संघटना उभारण्यात पुढे असलेल्या दोघांना काढल्यावरून ते सुरू झालं होतं. बातम्यांत मात्र अडकलेले प्रवासीच दिसत होते. त्या दोघांना परत घेतलं गेलं. दहा वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, जेट बंद पडली. वैमानिकांचे महिनोन् महिन्यांचे पगार थकले होते, आणि ते मागायला समोर कोणी उरलं नव्हतं.

आता आपल्याबद्दल. आपल्यापैकी फार थोड्यांच्या मागे संघटना आहे. आपण स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. पण युनायटेडच्या त्या दुहेरी पगारश्रेणीकडे पुन्हा पाहा. एकाच टेबलावर, एकच काम, पण एक कायम नोकर आणि दुसरा कंत्राटदारामार्फत आलेला, व्हिसावर असलेला, कमी पगाराचा. हे आपल्या ऑफिसांत नाही का? माझ्या क्षेत्रात पोस्टडॉक वर्षानुवर्षं असेच राबत आले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले ४८ हजार संशोधक आणि शिक्षक-विद्यार्थी संपावर गेले, तेव्हा पार्सल पोचवणाऱ्या अनेक टीमस्टर ड्रायव्हरांनी रांग ओलांडायला नकार दिला. ज्यांना पीएचडीशी काही देणंघेणं नाही अशी माणसं पीएचडीवाल्यांच्या बाजूने उभी राहिली. आपण त्यांच्या बाजूने कधी उभे राहिलो, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

मग करायचं काय? मोठं काही नाही. उद्या एखाद्या कंपनीचा संप झाला तर त्या काळात तिचं तिकीट काढू नये, आणि काढलेलं असेल तर पैसे परत मागावेत. कंपनीला लिहावं की तोडगा काढा, आम्ही परत येऊ. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात एक फोन करावा. काउंटरवरच्या बाईवर ओरडू नये. संप तिने केलेला नाही, आणि बहुधा तिलाही बिनपगारी घरी बसावं लागणार असतं. कुणाची आई भारतातून येत असते, कुणाचं लग्न चुकतं, कुणाला अंत्यविधीला पोचायचं असतं. ही अडचण खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण राग काढण्यापूर्वी एवढं तरी विचारावं की बोलणी किती वर्षं चालली होती आणि ती कोणी लांबवली.

आपण ज्या विमानात मुलंबाळं घेऊन सोळा तास बसतो, ते चालवणारा माणूस झोपलेला, नीट पगार मिळणारा आणि "मी थकलोय, आज उडवणार नाही" असं न घाबरता म्हणू शकणारा असावा, यात आपला स्वार्थच आहे. तसं म्हणण्याचं बळ त्याला संघटनेमुळे येतं. आणि त्या संघटनेला बळ हवं असेल तर बाहेरच्यांची, म्हणजे आपलीही, साथ लागते.

तुमचे प्रश्न आणि आक्षेप ऐकायला मला आवडेल.