जन्माचे वजन आणि स्त्रीचे आरोग्य

(जव्हार-मोखाडा परिसरातील आरोग्यरक्षक भगिनींच्या वर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जव्हार-मोखाड्याचे नाव घेतले की महाराष्ट्राला वावर-वांगणी आठवते. १९९२-९३ साली तेथे झालेल्या बालमृत्यूंनी सारा समाज हादरला. त्या वेळी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. मृत्यूंची मोजदाद झाली पाहिजे, यात शंका नाही. परंतु आज मला बोलायचे आहे ते जी मुलगी जगली, तिच्याविषयी.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरणारे बाळ कमी वजनाचे समजले जाते. असे बाळ वाचले की संकट टळले, असे आपण मानतो. शरीर मात्र ती उपासमार विसरत नाही. मातेच्या उदरात अन्न अपुरे पडले की गर्भ प्रथम मेंदू राखतो आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करतो. ब्रिटनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी तपासून कमी वजनाचा पुढील आयुष्यातील हृदयविकार व मधुमेह यांच्याशी असलेला संबंध मांडला. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी पावणेतीन किलोंहूनही कमी भरली. इंग्लंडच्या बाळाचे वजन साडेतीन किलोंच्या आसपास असते. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून, अशी आपल्या बाळाची घडण आहे.

याचा स्त्रीच्या संप्रेरकांशी संबंध काय? अशा शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडू शकतो. म्हणून शरीर ते अधिक निर्माण करते. वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्यास उद्युक्त करते. मग पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव वाढते, गर्भधारणेत अडचण येते. बार्सिलोनाच्या संशोधकांना कमी वजनाने जन्मून पुढे झपाट्याने वजन वाढलेल्या काही मुलींमध्ये ही लक्षणे आढळली. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. हलकी जन्मलेली प्रत्येक मुलगी आजारी पडेलच असे सांगून कोणाला घाबरवू नका. पण जिची पाळी महिनोन्‌महिने येत नाही, तिला ‘वांझ’ म्हणून हिणवण्याआधी दवाखान्यात नेणे हे आपले कर्तव्य आहे.

या डोंगराळ मुलखात दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. गरोदर स्त्री तेथेच राबते. ‘कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल’ हा सल्ला तिला घरातूनच मिळतो. तिची हलकी जन्मलेली लेक पुढे शहरात जाते, कष्ट कमी होतात, पाकिटातले खाणे वाढते. काटकसरीसाठी घडलेल्या शरीराला हा बदल सोसत नाही.

२०१५ च्या अमृत आहार योजनेने गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत चौरस आहार देऊ केला. ते उपकारकच आहे, परंतु प्रारंभ त्याहून आधी हवा. मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून झालेल्या एका अभ्यासात, गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिन्यांपासून पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ मिळालेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरली. गरोदरपणातील मधुमेहही घटला. मात्र अतिशय कृश मातांच्या बाळांत ही वाढ दिसली नाही. अर्थ स्पष्ट आहे: मातेची शक्ती एका वर्षात उभी राहत नाही, ती कुमारवयातच घडवावी लागते.

म्हणून तीन कामे हाती घ्या. प्रत्येक पाड्यावर मुलींच्या जन्माचे वजन नोंदवून ती नोंद जपून ठेवा. कुमारिकेच्या ताटात नागली, उडीद, शेवग्याचा पाला आणि रानभाज्या भावाइतक्याच वाढल्या जातील, हे पाहा. आणि अठरा वर्षांपूर्वी तिचा विवाह होऊ देऊ नका.

मातृशक्तीचा जयघोष आपण व्यासपीठावरून नेहमी करतो. त्या शक्तीची खरी पूजा पाड्यावरच्या मुलीच्या ताटापासून सुरू होते. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला पोटभर मिळाले, तर तिची लेक जड जन्माला येईल आणि नातही. तीन पिढ्यांचे हे काम आहे. ते आज हाती घेऊ या.